दिल्लीची कोतवाली : एक वास्तू आणि एक शब्द

(दिल्लीतील मराठी वाचकांपुढे अनुवादकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



जुन्या दिल्लीविषयीच्या पुस्तकाचा अनुवाद हातावेगळा झाल्यावर त्याच्या निमित्ताने दोन शब्द बोलावेत, अशी सूचना मला करण्यात आली. लाल किल्ल्याविषयी किंवा जामा मशिदीविषयी मी बोलेन अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु त्या वास्तूंची वर्णने मराठीत पुष्कळ आहेत, आणि अनुवाद करताना मला अडवले ते त्यांनी नव्हे. मला अडवले ते एका पोलीस ठाण्याने. चांदणी चौकातील कोतवालीने. म्हणून आज मी तिच्याविषयीच बोलणार आहे.

अडचण प्रथम शब्दाची होती. ‘कोतवाली’ ह्या शब्दाला मराठीत काय म्हणावे? ‘पोलीस ठाणे’ असे लिहून मोकळे होता आले असते. तसे मी पहिल्या खर्ड्यात लिहिलेही होते. पण शहाजहानच्या काळात पोलीस नव्हते, आणि कोतवालीत जे चालत असे ते आजच्या ठाण्यात चालत नाही. ‘कोतवाली’ असेच ठेवावे, तर मराठी वाचकाच्या मनात भलतेच चित्र उभे राहण्याचा धोका होता. कारण ह्या शब्दाची मराठीत मोठी विलक्षण वाटचाल झालेली आहे. कोट म्हणजे किल्ला. त्याचा पाल तो कोट्टपाल, आणि त्यापासून कोतवाल, अशी व्युत्पत्ती सामान्यतः मान्य आहे. म्हणजे मूळ शब्द दुर्गरक्षकाचा. पेशवाईत कोतवाल हा पुण्यासारख्या शहराचा मोठा अधिकारी होता. घाशीराम सावळदासाचे नाव आपणांपैकी कोणाला ठाऊक नाही? तैलंगी ब्राह्मण त्याच्या कोठडीत गुदमरून मेले आणि १७९१ साली संतप्त जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. मोरोबा कान्होबांनी १८६३ मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिले आणि १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचे नाटक रंगभूमीवर आले. हा झाला पुण्याचा कोतवाल. मात्र इंग्रजी अमलानंतर आपल्या खेड्यापाड्यांत ‘कोतवाल’ म्हटला की तलाठ्याच्या हाताखालचा, दवंडी देणारा, नोटिसा पोचवणारा तुटपुंज्या मानधनावरचा गावकामगार डोळ्यांपुढे येऊ लागला. एकच शब्द शहराच्या शिखरावरून गावच्या पायरीवर उतरला. शिवाय तारेवर बसणाऱ्या त्या काळ्या, दुभंगल्या शेपटीच्या पक्ष्यालाही आपण कोतवालच म्हणतो. आपल्या घरट्याजवळ तो कावळ्याला फिरकू देत नाही म्हणून. माझ्या मते ह्या तिन्ही अर्थांत मूळ अर्थाशी सर्वांत प्रामाणिक राहिला आहे तो पक्षीच.

दिल्लीचा कोतवाल मात्र फार जुना. सुलतानांच्या काळापासून तो आहे. झियाउद्दीन बरनी ह्या इतिहासकाराचा चुलता अलाउल्मुल्क हा अलाउद्दीन खलजीचा कोतवाल होता. तो इतका स्थूल होता की दरबारात महिन्यातून एकदाच येई, असे बरनीनेच लिहून ठेवले आहे. पण ह्याच माणसाने, नवा धर्म स्थापण्याची आणि जग जिंकण्याची स्वप्ने पाहणाऱ्या सुलतानाला तोंडावर सांगितले की हे आपले काम नव्हे. कोतवालाच्या शब्दाला केवढे वजन होते, हे त्यावरून दिसते. अकबराच्या काळी अबुल फझलने कोतवालाची कर्तव्ये नोंदवली, ती वाचताना माणूस थक्क होतो. घरांची व रहिवाशांची नोंद ठेवावी, येणाऱ्याजाणाऱ्यांची खबर घ्यावी, रात्रीची गस्त घालावी, वजने-मापे तपासावीत, बाजारभावांवर नजर ठेवावी. म्हणजे आजच्या भाषेत पोलीस, नगरपालिका, वैधमापन खाते आणि दंडाधिकारी ही चारही माणसे एका पगडीखाली. मनुची ह्या व्हेनिसच्या प्रवाशाने तर असे नमूद केले आहे की घरोघर झाडलोट करणाऱ्या हलालखोरांकडून कोतवाल घराघरांतली बित्तंबातमी काढून घेत असे.

ह्या अधिकाऱ्याची बैठक कोठे असावी? आपण सरकारी कचेरी म्हटली की भिंती, दरवाजा, पहारेकरी आणि आत टेबलामागे बसलेला साहेब अशी कल्पना करतो. शहाजहानच्या दिल्लीत तिचे नाव होते ‘कोतवाली चबुतरा’. राजधानी १६४८ साली नव्या शहरात आली आणि गझनफरखान तिचा पहिला कोतवाल झाला. लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाजातून निघून फत्तेपुरी मशिदीकडे जाणारा जो रुंद राजरस्ता जहाँआरा बेगमेने बाजारासह १६५० च्या सुमारास उभारला, त्यावरचा किल्ल्याकडून येताना लागणारा पहिला चौक हा कोतवालीचा. ज्या चौकातल्या हौदात चांदणे पडे आणि ज्यावरून साऱ्या रस्त्याला नाव मिळाले, तो त्याच्या पुढचा. चबुतरा म्हणजे ओटा, पार. आपल्याकडे पाराला आणि चावडीला जे स्थान, ते त्याला होते. तो भर रस्त्यात, सर्वांच्या नजरेसमोर होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तेथे न्याय होई तो उघड्यावर आणि शिक्षा होई तीही उघड्यावर. शहर पाहत असे.

येथे एक आडवळण घेतो. त्याच जुन्या शहरात चावडी बाजार म्हणून प्रसिद्ध बाजार आहे. त्याचे नाव आपल्या ‘चावडी’वरून पडले असे सांगितले जाते. मराठ्यांचा आणि दिल्लीचा संबंध पाहता ते अशक्य नाही. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांच्या हाती बादशाही कारभाराची सूत्रे आली. गुलाम कादिराचा १७८८ मधला भयंकर उत्पात सोडला, तर १८०३ साली पटपडगंजच्या लढाईत इंग्रजांनी ती हिसकावून घेईपर्यंत दिल्लीवर शिंद्यांचाच वरचष्मा होता. दिल्लीच्या बंदोबस्ताची अखेरची जबाबदारी जवळजवळ दोन दशके मराठी माणसांवर होती, हे आपण सहसा ध्यानात ठेवत नाही. पानिपताचे तेवढे ठेवतो.

पण ह्या उघड्या चबुतऱ्याविषयी कोणी भाबडेपणाने हळहळू नये. ११ नोव्हेंबर १६७५ रोजी, जुन्या पंचांगाप्रमाणे, शिखांचे नववे गुरू तेगबहादूर ह्यांचा औरंगजेबाच्या आज्ञेवरून येथेच शिरच्छेद झाला. त्यापूर्वी त्यांचे सहकारी भाई मतीदास, भाई सतीदास आणि भाई दयालदास ह्यांना हाल करून ठार मारण्यात आले. सारे शहर पाहत होते. कोतवालीची जागा त्या दिवसापासून दोन इतिहासांची झाली. एक दफ्तरात लिहिलेला आणि एक श्रद्धेने जपलेला. १७८३ साली सरदार बघेलसिंग सैन्यानिशी दिल्लीत आला, तेव्हा त्याने बादशहाकडून शिखांच्या पवित्र स्थानांवर गुरुद्वारे बांधण्याची परवानगी मिळवली. शीशगंज हे त्यांतले प्रमुख. आजची त्याची इमारत १९३० च्या सुमाराची आहे. ज्या वृक्षाखाली हा वध झाला असे मानतात त्याचे खोड आणि गुरू जेथे स्नान करीत ती विहीर तेथे जपून ठेवलेली आहे.

कोतवालीच्या शेजारी सुनहरी मशीद आहे. रोशनउद्दौलाने ती १७२१ साली बांधली. १७३९ च्या मार्चमध्ये तिच्या गच्चीवर बसून नादिरशहाने दिल्लीची कत्तल पाहिली. सकाळपासून दुपार टळेपर्यंत ती चालू होती आणि त्यात हजारो माणसे मेली. शहराचे रक्षण करण्यासाठी नेमलेल्या चबुतऱ्याच्या अंगावर ही घटना घडली, एवढेच मी सांगतो. ह्यावर फार बोलण्यात अर्थ नाही.

आता एकोणिसावे शतक. शहराचे बारा ठाण्यांत विभाग होते. प्रत्येकावर ठाणेदार आणि सर्वांवर कोतवाल. १८४७ साली मिर्झा गालिबला घरात जुगार चालवल्याबद्दल कोतवालाने पकडले. सहा महिन्यांची शिक्षा झाली, तीन महिन्यांनी सुटका झाली. मोठमोठ्यांनी रदबदली केली, स्वतः बादशहाने शब्द टाकला, तरी उपयोग झाला नाही. गालिबच्या मते कोतवाल त्याचा वैरी होता. कवीच्या साक्षीवर कितपत विसंबावे हा प्रश्न वेगळा. मात्र बादशहाचा शब्द कोतवालीत चालेनासा झाला होता, हे त्या प्रसंगाने उघड केले.

१८५७ च्या थोडे आधी ज्यांच्याकडे कोतवालपद होते ते गंगाधर नेहरू, मोतीलालांचे वडील. ह्या पदावरचे ते शेवटचे गृहस्थ, असे परंपरेने मानले जाते. दिल्ली पडल्यावर कुटुंब घेऊन ते आग्र्याला गेले आणि १८६१ च्या आरंभी वारले. मोतीलालांचा जन्म त्याच वर्षीच्या मे महिन्यातला.

त्या चार महिन्यांच्या वेढ्यातील कोतवालीचे चित्र मात्र आपल्याला विलक्षण तपशिलाने मिळते. बंड मोडल्यावर इंग्रजांनी जप्त केलेले बंडवाल्यांचे कागद आज राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत कोतवाल आणि ठाणेदार ह्यांचा पत्रव्यवहार भरलेला आहे. बहुतेक शिकस्ता उर्दूत, म्हणजे मोडीइतक्याच घाईच्या लिपीत. महमूद फारुकी ह्यांनी त्यांतल्या निवडक कागदांचा इंग्रजी अनुवाद २०१० साली प्रसिद्ध केला. हे कागद वाचताना क्रांतीचे पवाडे कानांवर येत नाहीत. दुकाने उघडायला लावा, मोर्चांवर मजूर पाठवा, गाड्या द्या, खाटा द्या, अमक्या शिपायाने तमक्याच्या दुकानातून पैसे न देता माल नेला, असल्या कटकटी कानांवर येतात. एका बाजूला लढणारे सैन्य, दुसऱ्या बाजूला पोटापाण्याची माणसे, आणि मध्ये कोतवाल. लढाईच्या ग्रंथांत ही माणसे सापडत नाहीत, कोतवालीच्या दफ्तरात सापडतात. ह्या विषयात मी गुंतलो तो ह्याच कारणाने.

त्या काळातला एक ठाणेदार लेखकही निघाला. पहाडगंज ठाण्याचा मुईनुद्दीन हसनखान. ११ मे रोजी जीव वाचवून पळत आलेल्या थिओफिलस मेटकाफला त्याने देशी कपडे दिले आणि निसटून जायला साहाय्य केले. नंतर हाच माणूस काही काळ बंडवाल्यांचा कोतवाल झाला. पुढे त्याने आपली हकीकत उर्दूत लिहून मेटकाफ घराण्यातील व्यक्तीच्या हाती दिली, आणि तिचा इंग्रजी अनुवाद १८९८ मध्ये लंडनमध्ये छापला गेला. त्याला दुटप्पी म्हणणे सोपे आहे. मी म्हणणार नाही. दारात आलेल्या माणसाला वाचवणे आणि शहरात लुटालूट होऊ न देणे, ही दोन्ही ठाणेदाराचीच कामे होती.

शेवट आपल्याला ठाऊक आहे. २२ सप्टेंबर रोजी हॉडसनने मिर्झा मुघल, मिर्झा खिज्र सुलतान आणि मिर्झा अबूबकर ह्या शहजाद्यांना दिल्ली दरवाजाबाहेर गोळ्या घातल्या आणि त्यांची प्रेते कोतवालीपुढे उघडी टाकली. पुढे कित्येक दिवस त्याच जागेसमोर फाशीचे खांब उभे होते. राज्यकर्ता बदलला होता, पण शहराला दहशत कोठून दाखवावी हे नव्या राज्यकर्त्यालाही जुन्याच चबुतऱ्याने शिकवले.

१८६१ चा पोलीस कायदा आला आणि ठाण्याची इमारतच बदलली. ह्या बदलाकडे स्थापत्याच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. उत्तर हिंदुस्थानातले जुने ठाणे म्हणजे भिंतींनी बंद केलेला चौक. आपल्या वाड्याची आठवण व्हावी असा. एकच मोठा दरवाजा आणि त्याच्या आत देवडी. देवडीच्या बाजूला मुहर्रिरची, म्हणजे लेखनिकाची खोली, कारण आत येणाऱ्याची गाठ प्रथम त्याच्याशीच पडायची. दरवाजातून दिसेल अशी हवालात. जप्त माल ठेवायचा मालखाना, आपल्या भाषेत मुद्देमालाची खोली, सर्वांत जाड भिंतींची. मागे शिपायांच्या बराकी, तबेला आणि अंगणात विहीर. भिंती रुंद, चुना-सुरखीच्या. उंचावर रोशनदाने, वर दगडी छज्जा. अशा वास्तूचे वय जाणायला सनदेची गरज नसते, पोपडा निघालेली भिंत पुरे. बोटभर जाडीची चपटी लखौरी वीट दिसली की ते काम मुघल किंवा प्रारंभीच्या कंपनी अमदानीच्या पद्धतीचे समजावे. नऊ इंची, जाड, सारख्या मापाची वीट दिसली की सार्वजनिक बांधकाम खाते आले. कित्येक जुन्या सरकारी इमारतींत एकाच भिंतीत खाली लखौरी आणि वर नऊ इंची वीट सापडते. तेथे तुम्हांला राज्यांतर हाताने चाचपता येते.

चबुतरा उघडा होता, ठाणे बंद झाले. शिक्षा चव्हाट्यावरून नाहीशी झाली हे निःसंशय चांगले झाले. पण चौकशीही भिंतीआड गेली. आत काय चालते हे शहराला दिसेनासे झाले. ह्या दोन गोष्टी एकाच दरवाजाने केल्या, आणि त्यांपैकी फक्त पहिलीचे श्रेय घेऊन दुसरीविषयी मौन पाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

दिसण्याच्या जागी आता लिहिणे आले. दिल्लीत जतन झालेली सर्वांत जुनी पहिली खबर सब्जीमंडी ठाण्याची आहे, १८ ऑक्टोबर १८६१ ची, उर्दूत. कटरा शीशमहलमधल्या एका गृहस्थाच्या घरी रात्री चोरी झाली. तीन मोठ्या देगच्या, तीन लहान देगच्या, एक वाडगा, एक कुल्फी, एक हुक्का आणि बायकांचे कपडे. एकूण किंमत ४५ आणे, म्हणजे दोन रुपये तेरा आणे. हा कागद उजेडात आल्यापासून ‘दिल्लीतला पहिला गुन्हा कुल्फीचोरीचा’ अशा गमतीदार बातम्या अनेकदा आल्या. अनुवादकाला येथे थांबावे लागते. चोर बर्फाची कुल्फी भांड्यांबरोबर घेऊन जाईल काय? अरबी ‘कुफ्ल’ म्हणजे कुलूप. आपले ‘कुलूप’ त्यातूनच अक्षरांची अदलाबदल होऊन आले, आणि ‘कुल्फी’ही. कुल्फी म्हणजे मुळात झाकण घट्ट बसणारे धातूचे पात्र. त्या पात्रात गोठवलेल्या पदार्थाला ते नाव नंतर चिकटले. हुक्क्याच्या नळीच्या सांध्यालाही कुल्फी म्हणत, आणि यादीत पुढचाच शब्द हुक्का आहे. काहीही असो, ती वस्तू स्वयंपाकघरातली किंवा बैठकीतली होती. ज्याच्या घरातल्या साऱ्या देगच्या गेल्या त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटली असेल, हा विचार मनात आला की बातमीतली गंमत ओसरते. दोन रुपये तेरा आण्यांची फिर्याद द्यायला तो माणूस ठाण्यात गेला. तेथे त्याची वस्तू न् वस्तू लिहून घेतली गेली. इंग्रजी अमलाविषयी मला ममत्व नाही, पण ह्या यादीविषयी आहे.

ह्या भाषेची कथा अद्याप संपलेली नाही. २०१९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने पोलिसांना सुनावले की फिर्याद साध्या भाषेत लिहा, लोकांना न कळणारे फारसी-उर्दू शब्द यांत्रिकपणे वापरू नका. न्यायालयाचे म्हणणे रास्त आहे. फिर्याद फिर्यादीला समजली पाहिजे. पण मराठी कानाला त्यांतले बरेच शब्द परके वाटणार नाहीत, ही मौजेची गोष्ट आहे. फिर्याद, पंचनामा, मुद्देमाल, हवालदार, जमादार, फौजदार, हे सारे आपल्या घरचे झाले आहेत. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी पेशवे दफ्तर उघडून पाहावे, फारसी शब्द जागचे हललेले नाहीत. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्माजींच्या खुनाची खबर तुघलक रोड ठाण्यात नोंदली गेली, तीही उर्दूतच. पुण्याच्या माणसाने केलेला तो खून दिल्लीच्या ठाण्याने आपल्या नेहमीच्या लिपीत, नेहमीच्या क्रमाने, क्रमांक घालून लिहून घेतला. तो कागद मराठी माणसाने एकदा पाहावा.

आता कोतवालीच्या इमारतीचे पुढे काय झाले ते सांगून संपवतो. कोतवाली नावाचे ठाणे दिल्लीत आजही आहे, पण त्या जागी नाही. जुनी वास्तू गुरुद्वाऱ्याकडे आली आणि तिची जागा त्याच्या आवारात सामावली. जुन्या इमारतींचे काही चाहते ह्याबद्दल हळहळतात. मला ती हळहळ समजते, पण मी तीत सामील होऊ शकत नाही. त्या जागेवर गुरूच्या हौतात्म्याचा हक्क पोलीस खात्याच्या हक्काहून जुना आणि मोठा आहे. माझी तक्रार वेगळी आहे. जुने ठाणे पाडायचे असेल तर पाडावे. अंधाऱ्या, गळक्या बराकीत बारा-बारा तासांची पाळी करून झोपणाऱ्या शिपायाला आपल्या वारसाप्रेमाची किंमत मोजायला लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण पाडण्यापूर्वी तिचे मोजमाप व्हावे, नकाशे काढावेत, छायाचित्रे घ्यावीत, आणि विशेषतः रोजनामचे व नोंदवह्या रद्दीत न जाता अभिलेखागारात जाव्यात. ह्याला खर्च फारसा नाही. एका इमारतीच्या रंगकामाला लागतो त्याहूनही कमी लागेल. आपल्या पुण्या-सातारच्या जुन्या कचेऱ्यांनाही हेच लागू आहे, आणि ते सांगण्यासाठी दिल्लीचे उदाहरण बरे पडते, कारण दूरच्या गावाचे ऐकताना कोणी रागावत नाही.

अनुवादात शेवटी मी असे केले आहे. १८६१ पूर्वीच्या प्रकरणांत सर्वत्र ‘कोतवाली’ आणि ‘चबुतरा’ हेच शब्द ठेवले आहेत. त्यानंतरच्या प्रकरणांत ‘ठाणे’. ‘मालखाना’ला ‘मुद्देमालाची खोली’ म्हटले आहे, ‘मुहर्रिर’ तसाच ठेवला आहे. ‘कुल्फी’पुढे ‘झाकणाचे भांडे’ असे दोन शब्द घातले आहेत. ते मूळ पुस्तकात नाहीत, त्यांची जबाबदारी माझी. आपल्यापैकी ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आता जरूर विचारावे.